चाळिशीनंतरची इनिंग

पंचविशीच्या आत काही करून दाखवलं नाही तर आपली गाडी सुटली, असं सध्या कॉलेजमधल्या अनेकांना वाटत असतं. त्यांनी जो ब्रुक्सची गोष्ट जरूर वाचावी. १९०१ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात जन्मलेला हा माणूस तरुणपणी दारूच्या पार आहारी गेला होता. त्यातून तो बाहेर आला, सावरला. आणि ज्या कामासाठी जगभरचे हौशी मासेमार आजही त्याचं नाव घेतात, ते काम त्याने चाळिशी उलटल्यावर केलं. ते काम म्हणजे समुद्रातलं फ्लाय फिशिंग.

आता हे काय प्रकरण आहे? कोकणात लोक गरवायला बसतात तेव्हा गळाला कोळंबी किंवा माशाचा तुकडा लावतात. फ्लाय फिशिंगमध्ये असं खरं आमिष नसतंच. गळावर दोऱ्याने पिसं, केस, चमकी बांधून खोटा किडा किंवा छोटा मासा तयार करायचा. तोच फ्लाय. तो इतका हलका असतो की नुसता फेकला तर पायाशीच पडेल. म्हणून वजन असतं दोरीला. लवचिक काठीने ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवायची आणि सोडायची, की तिच्यामागून फ्लायही लांब जातो.

हा खेळ मुळात नदीतल्या ट्राउट आणि सामन माशांचा. काही हौशी लोक समुद्रातही तो खेळायचे, पण बाकीच्यांना ते खूळ वाटायचं. तिथे वारा जोराचा, मासे ताकदीचे आणि खाऱ्या पाण्यात गळ गंजणार, मग कशाला हा खटाटोप? त्यातून फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला कीज बेटांवर मिळणारा बोनफिश तर भलताच बुजरा. गुडघाभर नितळ पाण्यात तो तळाशी कोळंबी-खेकडे शोधत फिरतो. बोटीवर जरा खुट्ट झालं की पसार. फ्लायला तो लागलाच तर चुकून लागतो, असा समज होता.

१९४७ मध्ये जिमी अल्ब्राइट हा गाइड सोबत घेऊन ब्रुक्स तिथे गेला. मासा नजरेने हेरायचा, त्याच्या पुढ्यात फ्लाय टाकायचा आणि वाट बघायची. असं ठरवून त्याने बोनफिश पकडून दाखवला. पुढच्याच वर्षी ओरेगनमधल्या कूस बे इथे त्याने तेरा किलोहून जड स्ट्राइप्ड बास फ्लायवर पकडला आणि विश्वविक्रम केला. १९५० मध्ये खाऱ्या पाण्यातल्या फ्लाय फिशिंगवर त्याचं पुस्तक आलं. आता याला खूळ म्हणणं अवघड झालं.

पण माझ्या मते ब्रुक्सचं खरं काम विक्रमांपेक्षा वेगळं आहे. समुद्रातले फ्लाय किनाऱ्याप्रमाणे बदलतात. ऱ्होड आयलंडच्या हॅरॉल्ड गिब्जने तिथल्या लहान चंदेरी माशांसारखा दिसणारा फ्लाय बांधला. फ्लोरिडात टार्पनसाठी पिसं गळाच्या अगदी मागच्या टोकाला बांधतात, म्हणजे फेकताना ती गळाभोवती गुंडाळत नाहीत. ब्रुक्सने जो फ्लाय लोकप्रिय केला, त्याचं नाव 'ब्लाँड'. हा फ्लाय कुठेही चालायचा आणि कुणालाही बांधता यायचा.

कृती अगदी सोपी. हरणाच्या शेपटीच्या केसांचा एक झुबका गळाच्या मागच्या बाजूला बांधायचा. मधल्या दांडीवर चंदेरी पट्टी गुंडाळायची. दुसरा झुबका पुढे, दोरी अडकवतात त्या छिद्राजवळ. झाला फ्लाय! दोन झुबके एकामागे एक असल्याने तो चांगला लांब दिसतो, पण केस थोडेच असल्याने फेकायला जड होत नाही. पाण्यात ओढला की केस हलतात आणि छोटा मासा पळतोय असं वाटतं. रंग बदलला की नाव बदलतं. पांढरा तो प्लॅटिनम ब्लाँड, पिवळा तो हनी, निळा-पांढरा तो अर्जेंटाइन.

अनेक मासेमार आपला चालणारा फ्लाय कुणाला दाखवत नाहीत. ब्रुक्स मात्र लेख लिहून, पुस्तकं लिहून, शेजारी उभं राहून शिकवत राहिला. दुसऱ्या महायुद्धातून परतलेला लेफ्टी क्रेह नावाचा तरुण १९४७ मध्ये त्याला पोटोमॅक नदीवर मासेमारीला घेऊन गेला. लेफ्टी तेव्हा साध्या रॉडने मासे पकडायचा. पाण्यावर पंखवाल्या मुंग्या पडत होत्या आणि मासे त्या टिपायला वर येत होते. जिथे वर्तुळ उठेल तिथे ब्रुक्स फ्लाय टाकायचा आणि मासा लागायचा. दुसऱ्याच दिवशी लेफ्टी बाल्टिमोरला गेला, सामान घेतलं आणि ब्रुक्सकडून फ्लाय टाकायचे पहिले धडे घेतले. पुढे मायामीतल्या मोठ्या मासेमारी स्पर्धेचं व्यवस्थापकपद लेफ्टीला मिळालं, तेही ब्रुक्सच्या शिफारशीने. लेफ्टीने बनवलेला 'डिसीव्हर' हा फ्लाय तर १९९१ मध्ये अमेरिकेच्या टपाल तिकिटावर झळकला.

ते बघायला ब्रुक्स नव्हता. साठीच्या उंबरठ्यावर, १९६१ मध्ये त्याने १४८ पौंडांचा टार्पन फ्लायवर पकडला. पुढे टीव्हीवर दिसला, 'आउटडोअर लाइफ' या मासिकाचा मासेमारी संपादक झाला आणि १९७२ मध्ये गेला.

हिशेब केला तर त्याची ही सगळी कारकीर्द जेमतेम पंचवीस-तीस वर्षांची. आधीची वर्षं वाया गेली म्हणून तो रडत बसला असता, तर लेफ्टीला गुरू मिळाला नसता आणि समुद्रावरच्या मासेमारांना ते दोन झुबक्यांचे फ्लायही मिळाले नसते. त्यामुळे एखादं वर्ष गेलं, केटी लागली, प्लेसमेंट हुकली, तर एवढं लक्षात ठेवा. गाडी सुटली असं वाटणाऱ्या वयात या माणसाची गाडी अजून फलाटावर लागायची होती.