बेडकाच्या कातडीने विचारलेलं कोडं सोडवणारे ऑगस्ट क्रोग

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. त्याच्या ओल्या कातडीतूनच पाणी आत मुरतं. त्याच्या रक्तातलं मीठ तळ्यातल्या पाण्यापेक्षा कित्येक पट जास्त असतं, म्हणून पाणी आत आणि मीठ बाहेर अशी ओढ रात्रंदिवस चालूच राहते. आत आलेलं जादा पाणी तो पातळ लघवीवाटे टाकतो. पण त्याबरोबर थोडं मीठही जातंच. मग उपाशी बेडकाच्या अंगातलं मीठ संपत कसं नाही? या साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला तो डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी.

क्रोग यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1874 रोजी ग्रेनो या बंदराच्या गावी झाला. वडील जहाजबांधणीतले. कोपनहेगनला ख्रिश्चन बोर या नामवंत प्राध्यापकाच्या हाताखाली ते तयार झाले. बेडूक फुफ्फुसाने किती आणि कातडीने किती श्वास घेतो, यावर त्यांनी 1903 मध्ये डॉक्टरेट मिळवली.

बोर यांचं म्हणणं होतं की फुफ्फुसाच्या पेशी जोर लावून प्राणवायू रक्तात ढकलतात. क्रोग आणि त्यांच्या डॉक्टर पत्नी मारी यांनी नेमकी मोजमापं केली, तर जोर कुठेच दिसेना. जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे वायू आपसूक पसरतो, एवढंच. 1910 मध्ये त्यांनी ओळीने सात निबंध छापले. त्यातून गुरू-शिष्यांत दुरावा आला, पण आकडे बदलले नाहीत.

1920 चं नोबेल त्यांना मिळालं ते केशवाहिन्यांवरच्या कामासाठी. स्नायूंना गरज पडली की बंद असलेल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात, हे त्यांनी दाखवलं होतं. 1922 मध्ये ते अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा कॅनडात इन्सुलिन नुकतंच सापडलं होतं. मारींना स्वतःला मधुमेह होता. क्रोग टोरांटोहून इन्सुलिन बनवण्याची परवानगी घेऊन आले आणि डॉ. हागेडॉर्न यांच्यासोबत डेन्मार्कमध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं.

एवढं झाल्यावर दुसरा कोणी निवांत बसला असता. क्रोग मात्र पुन्हा बेडकाकडे वळले. प्रत्येक प्रश्नासाठी निसर्गात एखादा सोयीचा प्राणी असतोच, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी बेडकांना मीठ नसलेल्या पाण्यात ठेवून अंगातलं मीठ कमी होऊ दिलं. मग त्यांना अगदी नावाला मीठ असलेल्या पाण्यात सोडलं. हळूहळू पाण्यातलं मीठ घटत गेलं! कातडी ते उताराच्या उलट दिशेने आत ओढून घेत होती.

समुद्रात गणित उलटं असतं. तिथे माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून मासा समुद्राचं पाणी पितो. क्रोग यांच्याच प्रयोगशाळेत अॅन्सेल कीज यांनी ईल माशाच्या कल्ल्यांवर काम करून दाखवलं की जादा मीठ कल्ले बाहेर टाकतात.

ज्या माणसाने गुरूला सांगितलं होतं की फुफ्फुसात पेशी जोर लावत नाहीत, त्यालाच आता मान्य करावं लागलं की कातडीच्या पेशी जोर लावतात. पण क्रोग यात कमीपणा मानणारे नव्हते. मोजमापाने जे सांगितलं ते त्यांनी दोन्ही वेळा स्वीकारलं. जलचरांच्या मीठ-पाण्याच्या समतोलावरचं त्यांचं पुस्तक 1939 मध्ये आलं.

पुढचा काळ खडतर गेला. 1943 मध्ये मारी गेल्या. जर्मन कब्जाच्या काळात, 1944 मध्ये, क्रोग यांना स्वीडनला पळून जावं लागलं. युद्ध संपल्यावर ते परतले आणि 13 सप्टेंबर 1949 रोजी कोपनहेगनला त्यांचं निधन झालं.

काम मात्र थांबलं नाही. त्यांचे सहकारी हान्स उसिंग यांनी बेडकाच्या कातडीतून सोडियम कसा आत नेला जातो ते मोजून दाखवलं. 1957 मध्ये डेन्मार्कच्याच येन्स स्को यांना पेशीच्या पडद्यातला सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेणारा पंप सापडला. त्यासाठी 1997 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि क्रोग यांची धाकटी लेक बोडिल? तिने वाळवंट गाठलं. पाणी न पिता जगणारा कांगारू उंदीर मूत्रपिंडाच्या जोरावर थेंब-थेंब कसा वाचवतो, याचा अभ्यास तिने पतीसोबत केला. बापाने तळं मोजलं, लेकीने वाळवंट. हिशेब एकच होता, मीठ आणि पाण्याचा.