तळोद्याच्या रानातले मल्हारराव

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी समाजातील एका थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. यंदा सुभेदार मल्हारराव होळकर यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहोत. त्यांच्या लढाया आपल्या बहुतेक घरांतून ठाऊक आहेत, म्हणून त्यांचा विस्तार येथे करीत नाही. ते ज्या रानात व ज्या जनावरांत वाढले, तिकडे मात्र चरित्रकारांचे लक्ष थोडे कमीच गेले, असे आम्हांस वाटते.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ रोजी नीरेकाठच्या होळ या गावी झाला. गावावरून घराण्यास होळकर हे नाव पडले. वडील खंडोजी हे मेंढरे व थोडी शेती सांभाळून राहणारे गृहस्थ. मूल तीन वर्षांचे असतानाच ते निवर्तले. भाऊबंदांत विधवेला थारा मिळेना, तेव्हा माउलीने पोराला घेऊन माहेरची वाट धरली. तिचे बंधू भोजराज बारगळ खानदेशात तळोद्यास राहत. नीरा ते तापी ही वाट काही थोडीथोडकी नव्हे. पुढे इंदूरचे राज्य ज्या घराण्याने उभारले, त्याची पहिली मजल या बाईने पायी मारलेली आहे, हे विसरता कामा नये.

तळोदे आज नंदुरबार जिल्ह्यात आहे. (१९९८ पूर्वी ते धुळे जिल्ह्यात मोडत असे.) तेथे बारगळांची गढी अद्याप दाखवितात. सातपुड्यातील काठीच्या राजवाडी होळीचे नाव आता सर्वत्र झाले आहे. त्या डोंगरांतून अक्कलकुव्यावरून खाली उतरले की तळोदे लागते. वर डोंगराचे गवत आणि खाली तापीचे काळे सपाट रान, या दोहोंच्या सांध्यावर हे गाव वसले आहे. जनावर पाळणाऱ्याला याहून सोयीची जागा कोणती? शिवाय तापीच्या पलीकडून गुजरातेकडे जाणाऱ्या वाटा जवळच होत्या. ह्याच तापीकाठी सारंगखेड्यास एकमुखी दत्ताच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. मारवाड, काठेवाड, पंजाबपर्यंतची जनावरे तेथे येतात. घेणारा मनुष्य घोड्याचे दात पाहतो, अंगावरचे भोवरे पाहतो, देवमण असला तर चार पैसे अधिक मोजतो. इकडे होळापासून दूर नसलेल्या आपल्या जेजुरीस पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. तेथेही दातांवरूनच कोरा, दुवान, चौवान असे वय सांगून किंमत ठरते. सांगावयाचे ते इतकेच की, मल्हाररावांचे जन्मगाव आणि आजोळ दोन्हीही जनावरांची पारख असणाऱ्या मुलखात होती.

भोजराजांच्या पदरी मेंढरे होती, तसेच सरदार कंठाजी कदम बांडे यांच्या चाकरीसाठी ठेवलेले काही स्वारही होते. लहानपणी मल्हाराने मामाची मेंढरे राखली. झाडाखाली झोपी गेलेल्या मुलाच्या डोक्यावर नागाने फणा धरला, ही कथा येथलीच. आम्ही शाळेत शिकवीत होतो तेव्हा मुलांना हीच गोष्ट फार आवडे. गोष्ट गोड आहे, तिचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु सुभेदारी नागाने दिली असे म्हटले की रानात घालविलेल्या वर्षांचे मोल शून्य होते. आम्हांस ते मान्य नाही.

मेंढका रोज काय करतो ते पाहावे. पाणी कोठे आहे, गवत किती दिवस पुरेल, कोणत्या गावी शेतात मेंढरे बसविता येतील, रात्री वाघूर कोठे लावावी, हे सारे त्याला आदल्या दिवशी ठरवावे लागते. चारा संपण्यापूर्वी तळ हलवावा लागतो. एक कोकरू कमी झाले तर अंधारातही त्याच्या ध्यानात येते. ओझे थोडे व पाय हलके, यावर त्याचा जीव चालतो. आता मराठ्यांच्या स्वारीची रीत आठवा. ती याहून निराळी आहे काय? आज आपल्यातील कित्येक मुले शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा धंदा मेंढपाळ असा लिहिण्यास संकोचतात. त्यांनी हे ताडून पाहावे.

मेंढरांतून मल्हारराव मामाच्या स्वारांत गेले. त्या काळी सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. घोडा मेला की शिलेदाराची पतही जाई, म्हणून जनावर जपणे हीच तेथे खरी विद्या होती. भोजराजांनी भाच्याचे गुण हेरले आणि १७१७ साली आपली कन्या गौतमाबाई त्यांस दिली. कदम बांड्यांचे तांबड्या-पांढऱ्या रंगांचे निशाण पुढे होळकरांनी चालविले, ते याच जुन्या चाकरीची खूण म्हणून. १७२१ च्या सुमारास मल्हारराव बाजीराव पेशव्यांच्या सेवेत आले आणि १७२५ पर्यंत पाचशे स्वारांचे नायक झाले. १७२८ ची पालखेडची मोहीम, मग माळव्याची सुभेदारी, १७३७ ची दिल्लीवरील धडक, १७३९ चा वसईचा विजय, हा क्रम सर्वश्रुत आहे. १७३४ मध्ये गौतमाबाईंच्या नावे खासगीची जहागीर मिळाली, ही गोष्ट मात्र आपल्या भगिनींनी विशेष ध्यानात ठेवावी. बाईच्या हाती स्वतःचे उत्पन्न असणे या घराण्यात अहिल्याबाईंच्याही आधीचे आहे.

पानिपताविषयी न बोलता पुढे गेलो तर तो लबाडपणा होईल. १४ जानेवारी १७६१ रोजी मल्हारराव रणातून निघून गेले, हा दोष त्यांच्या माथी अडीचशे वर्षांहून अधिक काळ आहे. तो मोठा आहे आणि आम्ही तो पुसू पाहत नाही. पण दुसरी बाजूही मांडली पाहिजे. बायकामुले, यात्रेकरू व जड सामान मागे ठेवून जुन्या हलक्या रीतीने लढावे, असा सल्ला त्यांनी व जाटांचा राजा सूरजमल यांनी दिल्याचे बखरकार सांगतात. तो मानला गेला नाही. पुढे अब्दालीने रसद तोडली, छावणीतले घोडे व बैल वैरणीवाचून मेले, आणि अखेर उपाशी माणसे उपाशी जनावरांवर बसून लढली. जेथे चारा नाही तेथे खांड नेऊ नये, हे मेंढक्याचे पोरही जाणते. तो सल्ला भित्रेपणाचा होता असे आम्हांस वाटत नाही. रण सोडण्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे, आणि तो वाचकांनी आपल्या बुद्धीने सोडवावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, त्यांनी मांगरोळास जयपूरकर माधोसिंगाच्या फौजेचा पराभव केला, एवढी नोंद येथे करतो.

घरचे दुःख याआधीच झाले होते. १७५४ च्या मार्चमध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पुत्र खंडेराव तोफेचा गोळा लागून पडला. सून अहिल्याबाई सती निघाली असता सासऱ्याने तिला परावृत्त केले आणि मग नुसते घरात न ठेवता कारभारात घातले. १७६५ मधील पत्रांत तोफा, दारूगोळा व वाटेवरच्या चौक्या यांची कामे ते तिला नेमून देताना दिसतात. तोफ म्हणजे बैल, आणि बैल म्हणजे वैरण. तेव्हा तळोद्याचे शिक्षण सुनेपर्यंत पोचले, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. गौतमाबाई १७६१ सालीच वारल्या होत्या.

२० मे १७६६ रोजी बुंदेलखंडाच्या सीमेवर आलमपूर येथे, छावणीतच मल्हाररावांचा अंत झाला. नातू मालेराव गादीवर बसला, पण वर्षभरात तोही गेला आणि दौलत अहिल्याबाईंच्या हाती आली. आलमपुरास त्यांनी सासऱ्यांची छत्री बांधविली. ती मध्य प्रदेशात भिंड जिल्ह्यात आजही उभी आहे.