तापात उपचार शोधणारे डॉ. विल्यम कोली

आगगाडीच्या दोन आसनांमध्ये हात चेमटल्याचे निमित्त झाले आणि बेसी डॅशिएल ही सतरा वर्षांची मुलगी १८९० च्या शरदात न्यूयॉर्कमधील डॉ. विल्यम कोली यांच्याकडे आली. सूज उतरेना, वेदना वाढत गेल्या. अखेर निदान झाले ते सार्कोमाचे, म्हणजे हाडे व मांसल ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगाचे. कोली यांनी तिचा हात कोपराखालून कापला. तरीही रोग अंगभर पसरला आणि २३ जानेवारी १८९१ रोजी ती गेली. कोली तेव्हा २९ वर्षांचे होते. हार्वर्डची वैद्यकीय पदवी घेऊन त्यांना पुरती तीन वर्षेही झाली नव्हती. शस्त्रक्रिया यथासांग होऊनही रुग्ण दगावतो, हा अनुभव बहुतेक शल्यविशारद पचवून पुढे जातात. कोली यांना तो पचला नाही.

त्यांनी रुग्णालयाची जुनी दप्तरे चाळायला घेतली. त्यांत स्टाइन नावाच्या एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. त्याच्या मानेवरील गाठ वारंवार काढूनही पुन्हा वाढत होती आणि डॉक्टरांनी आशा सोडली होती. तशात त्याला विसर्प झाला. जुन्या मराठीत ज्याला धावरे म्हणत, तोच हा जंतुजन्य त्वचारोग. कडक ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा गाठही विरली होती! कोली न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीतील दारे ठोठावत फिरले आणि सुमारे सात वर्षांनंतर त्या माणसाला त्यांनी ठणठणीत अवस्थेत शोधून काढले.

मग जे निसर्गाने केले, ते आपण मुद्दाम का करू नये? १८९१ च्या मे महिन्यात त्यांनी झोला या इटालियन रुग्णाला विसर्पाचे जंतू टोचण्यास आरंभ केला. अनेक महिने विशेष काही घडले नाही. बर्लिनहून रॉबर्ट कॉख यांच्याकडील अधिक जहाल जंतू आणवल्यावर ऑक्टोबरमध्ये झोलाला इतका तीव्र विसर्प झाला की तो दगावण्याची भीती होती. पण गाठ झपाट्याने ओसरली आणि तो पुढे आठ वर्षे जगला. सगळेच इतके सुदैवी नव्हते. दोन रुग्णांचा बळी त्या संसर्गानेच घेतला. तेव्हा कोली यांनी जिवंत जंतूंचा नाद सोडला आणि दोन प्रकारच्या मृत जंतूंचे मिश्रण वापरायचे ठरवले. १८९३ मध्ये पोटात मोठी गाठ असलेल्या १६ वर्षांच्या जॉन फिकेनला ते दिले गेले. तो २६ वर्षांनी वारला, तोही हृदयविकाराने.

‘कोलीचे विष’ या नावाने ते औषध प्रसिद्ध झाले. पार्क-डेव्हिस कंपनीने १८९९ पासून त्याचे उत्पादनही सुरू केले. मात्र वैद्यकविश्वाने कोली यांना मनापासून स्वीकारले नाही. क्ष-किरण आणि रेडियम यांचे ते नवलाईचे दिवस होते, आणि त्यांच्याच रुग्णालयातील विख्यात विकृतिशास्त्रज्ञ जेम्स युइंग हे किरणोपचाराचे कट्टर पुरस्कर्ते व कोलींचे टीकाकार होते. या कथेत युइंग यांना खलनायक ठरवण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. कोलींच्या औषधाची पाकृती वारंवार बदलत असे, मात्रा आणि टोचण्याची जागा ठरलेली नसे, नोंदीही विस्कळीत असत. काही रुग्ण आश्चर्यकारकरीत्या बरे होत, अनेकांना काहीच लाभ होत नसे, आणि असे का होते हे कोली यांना स्वतःलाही सांगता येत नव्हते. सांगणार तरी कसे? रोगप्रतिकारशक्तीचे शास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. १६ एप्रिल १९३६ रोजी ते वारले, तेव्हा त्यांची पद्धत विस्मरणाच्या वाटेवर होती.

ती तगली ती मुलीमुळे. हेलन कोली नॉट्स यांच्याजवळ वैद्यकाची पदवी नव्हती. वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या हेतूने कागदपत्रे उलगडताना त्या एकेका रुग्णाचा माग काढत गेल्या आणि वर्षानुवर्षे खपून हजाराहून अधिक रुग्णांच्या हकिकती त्यांनी संगतवार लावल्या. १९५३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था स्थापन केली. तिला आरंभी हातभार लावणारे नेल्सन रॉकफेलर हे बेसीच्या जिवलग स्नेह्याचे, धाकट्या जॉन रॉकफेलर यांचे पुत्र.

या संस्थेची वैज्ञानिक धुरा पुढे लॉइड ओल्ड यांनी वाहिली. त्यांच्या प्रयोगशाळेने १९७५ मध्ये एक प्रथिन उजेडात आणले. जंतूंच्या विषाने चेतवलेल्या शरीराच्या स्वतःच्याच पेशी ते स्रवतात आणि त्याने गाठीतील पेशी मरतात. कोलींच्या कोड्याचा निदान एक धागा त्यामुळे सुटला. पुढच्याच वर्षी मूत्राशयाच्या कर्करोगावर बीसीजी या क्षयाच्या लसीचा उपयोग झाल्याचे वृत्त कॅनडातून आले. तो उपचार आजही सर्रास दिला जातो. रुग्णाच्याच पांढऱ्या पेशी काढून, त्यांना कर्कपेशी ओळखायला लावून परत शरीरात सोडणारी पेशी-उपचारपद्धती त्यानंतरची. मुंबईच्या आयआयटीत आणि टाटा मेमोरियलमध्ये घडलेल्या अशा पहिल्या स्वदेशी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तिला कोलींच्या औषधाची थेट वारस म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. पण कर्करोगाशी शरीरालाच लढवता येईल, या ज्या गृहीतावर ती उभी आहे, ते घेऊन कोली न्यूयॉर्कच्या त्या वस्तीत दारोदार हिंडले होते.