चार्ल्स बॅबेज

पुणे जिल्ह्यात चाकणजवळ निघोजे हे गाव आहे. तेथे आज मोटारी तयार होतात. अशा कारखान्यांत सुटा भाग जागेवर आला असेल, तर यंत्राचा हात तो जोडतो; आला नसेल, तर थांबतो. यंत्राला असे ‘जर-तर’ शिकविण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने मांडली.

बॅबेजचा जन्म २६ डिसेंबर १७९१ रोजी लंडन येथे झाला. त्याचे शिक्षण केंब्रिज विद्यापीठात झाले. त्या काळी खलाशी व ज्योतिर्विद छापील कोष्टकांवर विसंबून असत. माणसांनी केलेल्या त्या आकडेमोडीत चुका राहत आणि एका चुकीच्या आकड्याने जहाजाची वाटही चुके. १८२१ साली अशी कोष्टके तपासताना बॅबेज फार अस्वस्थ झाला. हे काम यंत्राकडून करून घ्यावे, असे त्याच्या मनाने घेतले.

सरकारने साहाय्य दिले. १८३२ साली यंत्राचा एक लहान भाग उत्तम चालू लागला. परंतु पुढे मुख्य कारागिराशी वाद होऊन काम थांबले. १८३४ साली बॅबेजला याहून मोठे यंत्र सुचले. मागावरील सच्छिद्र पुठ्ठे जशी कापडाची नक्षी ठरवीत, तशा पुठ्ठ्यांनी या यंत्राला आज्ञा मिळणार होत्या. अंक साठविण्यास ‘कोठार’ आणि आकडेमोडीस ‘गिरणी’ अशी त्याची रचना होती. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा केलेली वजाबाकी. पण ती थांबवावी केव्हा? बाकी शून्याखाली गेली, तर एक तरफ हलावी आणि यंत्राने पुढील क्रम बदलावा, अशी युक्ती त्याने योजिली. यंत्राने स्वतःच्या उत्तरावरून पुढची वाट निवडावी, ही गोष्ट अगदी नवी होती. एडा लव्हलेस या विदुषीने १८४३ साली या यंत्राचे मर्म जगाला समजावून दिले.

एक आराखडा पुरा होण्याआधीच बॅबेजला दुसरा सुचे. १८४२ साली सरकारने हात आखडता घेतला. तोवर सतरा हजार पौंड खर्च झाले होते. तरीही बॅबेजने आराखडे काढणे सोडले नाही. १८ ऑक्टोबर १८७१ रोजी तो वारला, तेव्हा त्याचे एकही मोठे यंत्र पुरे झालेले नव्हते.

पुढे १९९१ साली लंडनच्या विज्ञान संग्रहालयाने त्याच्या आराखड्यांवरून एक गणनयंत्र बांधले. ते अचूक चालले. बॅबेजचे गणित चुकलेले नव्हते. आज निघोज्याच्या कारखान्यातील यंत्राचा हात क्षणभर थांबतो, तेव्हा तो त्याचीच कल्पना पाळत असतो.