गाडगेबाबा आणि आपली वारी



शताब्दीच्या या पुस्तकात थोर विभूतींची चरित्रं घ्यायची ठरली, आणि त्यात गाडगेबाबांचं आमच्या वाट्याला आलं. लिहायला जरा धीर लागतो. कारण बाबा आषाढी-कार्तिकीला पंढरपुरात असायचे, पण देवळात पांडुरंगाच्या पायावर डोकं ठेवायला जायचे नाहीत. हे आपल्या माणसाला पचायला जड जातं.

त्यांचं नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव, परीट समाज. बाप दारूपायी लवकर गेला. आई लेकराला घेऊन दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजी मामाची गुरं राखत, औत हाकत मोठे झाले. पुढे मामाची जमीन सावकाराच्या घशात गेली. न वाचता अंगठा उठवला की काय होतं, ते त्यांनी घरातच बघितलं.

मग लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला मटण आणि दारू ही समाजाची रीत. डेबूजींनी पंगतीला गोड जेवण वाढलं. आज यात काही विशेष वाटत नाही, पण त्या काळी भावकीची रीत मोडायची म्हणजे उद्या सोयरीक कोण करणार, मयताला कोण येणार, इथपर्यंत गोष्ट जायची. एकट्या माणसानं भरल्या मांडवात हे केलं. रीत आणि धर्म आपण एकाच गाठोड्यात बांधतो. बाबांनी ती गाठ तिथेच सोडली, असं आम्हाला वाटतं.

१ फेब्रुवारी १९०५ ला घर सोडलं. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगं, हातात खराटा. ज्या गावात जायचे ते आधी झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आपण अभंग घेतो, निरूपण लावतो. बाबा समोरच्यालाच विचारत जायचे: कर्ज का काढलं, देवाला बकरं का कापलं, पोरगं शाळेत का नाही. लोक उत्तर देता देता स्वतःच अडकायचे. शेवटी गोपाळाचा गजर. बिदागी नाही. भाकर घरोघर मागून खायचे. आता आमच्या कीर्तनकारांत बिदागी ठरल्याशिवाय गाडीत न बसणारे आहेत, त्यांनी हे दोनदा वाचावं.

बाबा देव मानत नव्हते असं काही जुनी मंडळी म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. तुकोबांना ते गुरू मानायचे. स्वतः कुणाला मंत्र दिला नाही, चेला केला नाही, पायावर डोकं ठेवू दिलं नाही. आणि पंढरपुरात कुणाकडे बघितलं, तर ज्यांना देऊळ बंद होतं त्यांच्याकडे. आपले वाडवडील राऊळात जात होते तेव्हा महार-मांग वारकरी चोखोबांच्या समाधीपाशी थांबत होते. साने गुरुजींनी उपोषण केलं तेव्हा, १९४७ साली, ते दार उघडलं. त्याच्या कितीतरी आधी बाबांनी वर्गणी गोळा करून या लोकांना टेकायला चोखामेळा धर्मशाळा बांधली होती. १९४९ साली ती डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. मोठी इमारत होती, पण हात आखडला नाही. नाशिक, आळंदी, देहू इथेही त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांची बायको कुंताबाई मात्र झोपडीत राहिली. हे वाचून आमच्या घरच्या मंडळींना बाबांचा थोडा रागच येतो, आणि तो अगदीच चुकीचा आहे असं म्हणवत नाही.

६ डिसेंबर १९५६ ला आंबेडकर गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, वलगावजवळ पेढी नदीपाशी वाटेतच बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. आपल्या दिंडीची वाट तिकडून जात नाही, पण दोन-तीन वर्षांपासून आमच्यातली चार-सहा माणसं पुण्यतिथीला एस.टी.नं जाऊन येतात.