भोकं पाडलेलं टेबल

मागच्या सेमिस्टरला आमची इंडस्ट्रियल व्हिजिट चिंचोळी एमआयडीसीत होती. एका कंपनीत (नाव नको!) सुपरवायझर काका मुलांना मशीनपाशी घेऊन गेले आणि आम्हा चार मुलींना ऑफिसात बसवून चहा दिला. चहा मस्त होता, पण राग आला. त्या रागातून हा लेख. माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या.

बार्ब-निकोल हिचा जन्म १७७७ चा, फ्रान्समधल्या रँस गावचा. वडिलांचा धंदा कापडाचा, म्हणजे आपल्या सोलापूरसारखंच. १७९८ मध्ये क्लिको घराण्यात लग्न झालं. १८०५ मध्ये नवरा गेला. वय २७, पदरात एक मुलगी. त्या काळी तिथे लग्न झालेल्या बाईला स्वतःचा धंदा करता येत नसे, विधवेला येत असे. तिने सासऱ्यांकडे वाइनचा धंदा चालवायला मागितला. सासरे हो म्हणाले, पण आधी जाणकार भागीदाराबरोबर चार वर्षं काम शिकायचं. चार वर्षं, म्हणजे आपली डिग्रीच! ती संपली तेव्हा धंदा तोट्यात होता आणि भागीदार बाजूला झाला. सासऱ्यांनी पुन्हा पैसे घातले.

आता थोडं टेक्निकल. आपण गोटी सोडा पितो, त्यात गॅस बाहेरून भरतात. शॅम्पेनमध्ये तो बाटलीतच तयार होतो. तयार वाइनमध्ये थोडी साखर आणि यीस्ट घालून बूच घट्ट लावायचं. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड आतच अडकतो. लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर घातली की प्रेशर ६ बारच्या आसपास जातं, कारच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट! सफरचंदाचा पारंपरिक फसफसता सायडरही असाच बाटलीत आंबवतात. पण मेलेल्या यीस्टचा गाळ आतच राहतो. तो काढायला वाइन दुसऱ्या बाटलीत ओतली की गॅसही जातो आणि मालही.

बाईंनी इथे डोकं लावलं. असं सांगतात, की त्यांनी घरातल्या टेबलालाच तिरकी भोकं पाडून बाटल्या मान खाली करून खोचल्या. तळघराचे प्रमुख आंत्वान म्युलर मदतीला होते. रोज प्रत्येक बाटली थोडी हलवून फिरवायची. काही आठवड्यांत गाळ बुचापाशी जमतो. बूच काढलं की आतलं प्रेशरच गाळ बाहेर फेकतं! साल १८१६. वेगळा पंप नाही, फिल्टर नाही.

त्याआधी १८१४ मध्ये, नेपोलियनची युद्धं संपता संपता, इतर व्यापारी वाट बघत असताना त्यांनी दहा हजारांवर बाटल्या जहाजाने रशियाकडे पाठवून बाजार जिंकला होता. १८६६ मध्ये ८८ व्या वर्षी त्या गेल्या. विधवेला फ्रेंचमध्ये व्हव म्हणतात. 'व्हव क्लिको' हे नाव आजही बाटलीवर आहे.

हीच पद्धत १९८० च्या दशकात आपल्या पुणे जिल्ह्यात, नारायणगावला पोचली. आता बाटल्या फिरवायला मशीन आलंय, शेकडो बाटल्या एकदम फिरतात. तत्त्व मात्र त्या टेबलाचंच.

हा लेख पिण्यासाठी नाही बरं का, रेक्टर सर! मुद्दा एवढाच, की ती बाई ऑफिसात बसून राहिली असती तर गाळ बाटलीतच राहिला असता. पुढच्या व्हिजिटला चहा नंतर घेऊ. काका, आधी मशीन दाखवा.