तंट्या भिल्ल : पोखरच्या शेतापासून

निमाडात ‘मामा’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. एक आईचा भाऊ आणि दुसरा तंट्या. माझे गाव बहादरपुर. बुऱ्हाणपूरच्या अगदी जवळचे. घरात मराठी आणि बाजारात निमाडी-हिंदी अशा सरमिसळीत मी वाढलो. तेथे तंट्याविषयी जे कानावर पडते त्यात दरोडे, वेषांतरे आणि पोलिसांची फजिती हेच अधिक. त्याच्या शेताविषयी फारसे कोणी बोलत नाही. वास्तविक त्याची कथा सुरू होते ती शेतापासून, म्हणून मीही तेथूनच आरंभ करतो.

तंट्याचा जन्म १८४२ च्या सुमारास खंडव्याजवळच्या बडदा गावी झाला. वडिलांचे नाव भाऊसिंग. पोखर या गावी त्यांची कसणुकीची जमीन होती. भिल्लाची शेती म्हणजे चार महिने पावसावरची ज्वारी-बाजरी आणि उरलेल्या दिवसांत जंगल : मोह, चारोळी, डिंक, मध, गुरांना चारा. शेत आणि जंगल ही त्याची दोन वेगळी खाती नव्हती. एकात तूट आली की दुसऱ्यातून भरून निघे.

तंट्याच्या तरुणपणी हा मेळ मोडत गेला. १८६० साली बुऱ्हाणपूरचा मुलूख शिंद्यांकडून इंग्रजांकडे आला आणि १८६४ मध्ये निमाड जिल्हा मध्य प्रांतास जोडण्यात आला. मध्य प्रांतातील जमीनबंदोबस्तात सरकारने एक मोठी गोष्ट केली. गावचा सारा गोळा करून भरणारा जो मालगुजार, त्याला गावाचा मालक ठरविले. कालपर्यंत वसुली करणारा आज धनी झाला आणि पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरणारा त्याचे कूळ झाला. सारा रोखीत द्यावयाचा, तोही ठरल्या हप्त्याने; पाऊस येवो न येवो. रोकड आणावयाची कोठून? सावकाराकडून. भिल्लाला अक्षर येत नाही, वहीत काय लिहिले ते वहीवाल्यालाच ठाऊक. माझ्या मते निमाडातले खरे दरोडे या वह्यांतून पडले. पण त्यांची फिर्याद कोणत्याही ठाण्यात नोंदविण्यात आली नाही.

चरित्रकारांनी दिलेली हकीकत अशी की, वडील वारल्यावर, ओळीने वाईट वर्षे गेल्यामुळे सारा थकला आणि पोखरची जमीन तंट्याच्या हातून गेली. तो भांडला. भांडणारा भिल्ल म्हणजे संशयित. १८७४ च्या सुमारास ‘गैरमार्गाने उपजीविका’ करतो या आरोपावरून त्याला एक वर्षाची कैद झाली. उपजीविकेचा सरळ मार्ग कोणी बंद केला, हा प्रश्न त्या खटल्यात निघण्याचे कारणच नव्हते! याच दशकात, १८७८ साली, नवा वन कायदा आला. राखीव जंगलात लाकूड तोडणे, गुरे चारणे हे गुन्हे झाले. शेत गेल्यावर ज्या जंगलाचा आधार घ्यावयाचा, त्याच्याही दारावर शिपाई उभा राहिला.

त्याच वर्षी तंट्याला पुन्हा पकडून खंडव्याच्या तुरुंगात ठेवले. नोव्हेंबरात तो भिंत ओलांडून पळाला आणि पुढे जवळजवळ अकरा वर्षे सातपुडा, नर्मदेचे खोरे आणि होळकरांचा मुलूख यांत फिरत राहिला. लूट गोरगरिबांत वाटे, दुष्काळात धान्य मिळवून देई, लग्ने लावून देई, अशी त्याची ख्याती. यातले सगळेच अक्षरशः खरे मानू नये. खबऱ्यांना त्याने दिलेल्या शिक्षा क्रूर होत्या. परंतु त्याला पकडण्यासाठी खास पोलीस दल नेमूनही इतकी वर्षे तो सापडला नाही, हे गावोगावच्या भाकरीशिवाय शक्य नव्हते.

अखेर ११ ऑगस्ट १८८९ रोजी, राखीपौर्णिमेच्या दिवशी, मानलेल्या बहिणीचा नवरा गणपत याच्या घरी तो दग्याने पकडला गेला. जबलपूरच्या सत्र न्यायालयाने १९ ऑक्टोबरला फाशीची शिक्षा सुनावली आणि ४ डिसेंबर १८८९ रोजी ती अमलात आली. दरम्यान अमेरिकेतील न्यूयॉर्क टाइम्सनेही त्याची बातमी छापली होती.

आपल्या कानडी मित्रांना येथे संगोळ्ळी रायण्णा आठवेल. तो कित्तूरचा शेतसनदी, म्हणजे चाकरीबद्दल जमीन मिळालेला शिपाई. इंग्रजांनी त्याची बरीचशी जमीन जप्त केली, उरलेलीवर जबर कर बसविला. तोही दग्याने सापडला आणि १८३१ साली नंदगडला फाशी गेला. तिकडे नंदगड, इकडे महूजवळचे पातालपानी : दोन्ही ठिकाणी लोक नवस बोलतात. तंट्याचा देह पातालपानीला रुळांजवळ टाकला, अशी लोकांची श्रद्धा आहे. २०२१ मध्ये त्या स्थानकाला त्याचे नाव देण्याची घोषणा मध्य प्रदेश शासनाने केली. मला याचा आनंद आहे. पण देव झालेल्या माणसाच्या सातबाऱ्याची चौकशी कोणी करीत नाही, ही अडचणही आहे.

स्वातंत्र्यानंतर आमच्या जिल्ह्यात नेपानगरचा कागद कारखाना उभा राहिला. १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्राला अर्पण झाला. देशाची वृत्तपत्रे त्या कागदावर निघाली. बांबू आणि सालईचे लाकूड सातपुड्यातले. जंगलात राहणाऱ्याचा जमिनीवरचा हक्क कागदावर येण्यास मात्र २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन कसणाऱ्या आदिवासीला त्यात दावा करता येतो आणि वृद्धांची लेखी जबानीही पुरावा म्हणून चालते. पोखरच्या भाऊसिंगाला अशी सोय असती तर? बुऱ्हाणपूर जिल्ह्यातही असे दावे दाखल झाले. २०२२-२३ मध्ये नेपानगरच्या जंगलात बेकायदा वृक्षतोड झाली, तेव्हा ती थांबवा म्हणून आदिवासीच बुऱ्हाणपूरच्या कलेक्टर कचेरीसमोर जाऊन बसले.